हमीपत्रातील एक ओळ

सहायक प्राध्यापकपदाची पहिली काही वर्षे संशोधनाची दिशा ठरवणारी असतात. परंतु लहान अभियांत्रिकी महाविद्यालयांत तीच वर्षे तासिका, प्रात्यक्षिके, परीक्षा आणि मानांकनाची कागदपत्रे यांत सरतात, आणि अनुदानाचे आवाहन निघते तेव्हा प्रस्तावाला आधार देणारे प्राथमिक निष्कर्षच हाती नसतात.

केंद्रीय रचना अलीकडे बदलली आहे. 2023च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजे ‘एएनआरएफ’मध्ये, पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (‘सर्ब’) विलीन झाले आणि 2024मध्ये नवोदित प्राध्यापकांसाठी पंतप्रधानांच्या नावाची अर्ली करिअर ग्रँट सुरू झाली. मात्र अशा स्पर्धेत पालघर जिल्ह्यातील बोईसरच्या लहान महाविद्यालयाचा प्राध्यापक आणि आयआयटीतील त्याचा समवयस्क एकाच रांगेत उभे असतात. ‘सर्ब’ने आखलेली ‘टेअर’ योजना या दृष्टीने अधिक समंजस ठरते. कारण तिच्यात महाविद्यालयीन शिक्षक आपली नोकरी सांभाळून वर्षातील काही काळ एखाद्या राष्ट्रीय संस्थेत काम करतो आणि वार्षिक 5 लाखांचे संशोधन अनुदान यजमान व मूळ संस्थेत निम्मे-निम्मे विभागले जाते.

पालघर जिल्ह्यात संशोधनाच्या विषयांची वाण नाही. औद्योगिक क्षेत्रांतील हवा, पाणी व जमीन यांच्या प्रदूषणाची तीव्रता एकाच आकड्यात सांगणाऱ्या ‘सेपी’ निर्देशांकात तारापूर 2018मध्ये 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले, तर डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि कुडाच्या व विटांच्या घरांच्या मजबुतीचा प्रश्न समोर आला. सांडपाण्याचे नमुने ऋतूंनुसार वारंवार घ्यावे लागतात, भिंतींतील भेगा पुनःपुन्हा मोजाव्या लागतात. हे काम दूरच्या नामांकित प्रयोगशाळेपेक्षा बोईसरच्या शिक्षकाला अधिक सातत्याने करता येते. सूक्ष्म विश्लेषणाची महागडी उपकरणे मुंबईतील संस्थांत आहेत आणि डहाणू लोकलने तेथपर्यंतचा मार्ग जोडलेला आहे. तेव्हा उणीव उरते ती मुख्यतः वेळेची.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला 16 तासांचे प्रत्यक्ष अध्यापन धरलेले आहे. प्रकल्प मंजूर झाला तरी हा भार तसाच राहिल्यास उपकरण येते, पण ते वापरणारा वर्गात अडकलेला असतो. संशोधन प्रस्तावासोबत संस्थाप्रमुखाचे हमीपत्र जोडण्याची पद्धत आहेच. त्यात जागा आणि सुविधा पुरवण्याच्या ग्वाहीबरोबर, मुख्य संशोधकाचे आठवड्याला किती तास मोकळे केले जातील, ही एक ओळ अनिवार्य करावी आणि वार्षिक प्रगती अहवालात तिचा पडताळा घ्यावा. प्राचार्यांना त्यासाठी पर्यायी शिक्षक नेमावा लागेल, म्हणून त्याचे मानधन अनुदानातच धरले जावे. प्राध्यापकांनीही मोठ्या योजनेची वाट न पाहता विद्यापीठाच्या लघु संशोधन प्रकल्पातून पहिल्या वर्षाची मोजमापे सुरू करावीत; राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या प्रस्तावाचे वजन पडेल ते दाराशी असलेल्या प्रश्नाच्या अशा सलग नोंदींमुळेच.