घारीचा पंख आणि आपल्या गल्लीतला मांजा

गेल्या महिन्यात पुण्यात एका सभागृहात पर्यावरणपटांची संध्याकाळ होती. दोन माहितीपट, प्रवेश मोफत. जाण्याआधी मी मित्रांच्या ग्रुपवर विचारलं, कोण येतंय? एकाने लिहिलं, "यार, आपले प्रश्न काय कमी आहेत का? पशुपक्ष्यांचं बघायला दुसरे लोक आहेत." बाकीच्यांनी अंगठे दाखवले. शेवटी मी आणि माझा मामेभाऊ असे दोघेच गेलो. तो वीस वर्षांचा आहे, येवल्याहून इथे शिकायला आलाय.

मित्राचं म्हणणं मला पटत नाही. का, ते सांगतो.

पहिला माहितीपट होता माईक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स', सन २००० चा. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य, माणसाला निरुपद्रवी माशाची कत्तल कशी चालायची, ते त्यात दिसतं. तो पाहिल्यावर देशात चर्चा झाली आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण मिळालं. पुढे वेरावळच्या कोळ्यांनीच जाळ्यात अडकलेले व्हेल शार्क स्वतःचं जाळं कापून सोडायला सुरुवात केली. जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागलं. माझ्या लक्षात राहिली ती ही भरपाई. शिकार करणाऱ्याला नुसतं पापी म्हणून काम झालं नाही, त्याच्या पोटाचाही विचार झाला.

दुसरा होता शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स', २०२२ चा. कान महोत्सवात गौरवलेला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. त्याचे नायक आहेत दिल्लीतल्या वजिराबादचे दोन भाऊ, नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद. साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा त्यांचा छोटा धंदा. त्याच घराच्या तळघरात ते जखमी घारींवर उपचार करतात. लहानपणी एक जखमी घार घेऊन ते पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले, तर मांस खाणारा पक्षी म्हणून तिला दाखल करून घेतलं नाही. तेव्हा हे दोघं स्वतःच शिकले. आजवर हजारो पक्षी त्यांच्या हातून बरे झालेत.

चित्रपटात दिल्लीची हवा आहे, गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर आहे आणि त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी आहेत. घारींना मांस टाकणं सवाबचं मानणारी जुन्या दिल्लीची रीतही आहे. आणि मागे २०१९-२० चा तो हिवाळा आहे. नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं, मग फेब्रुवारीतली दंगल. घरातली माणसं घाबरलेली आहेत, फोन येतायत. तरी खोक्यांमधून जखमी पक्षी येत राहतात आणि भाऊ पट्ट्या बांधत राहतात.

मध्येच मामेभाऊ कानात म्हणाला, "भाईजान, ह्यांना स्वतःच्या जिवाची पडली नाही का?" पडली आहे, ते दिसतंच की. पण आपली भीती मिटेल, मग पक्ष्याकडे बघू, असं त्यांनी केलं नाही. माझ्या मित्राच्या म्हणण्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही.

आणि पर्यावरण हा 'दुसऱ्यांचा' प्रश्न आहे, हे कोणी ठरवलं? गाझीपूर बघताना मला मुंबईतलं देवनार आठवलं. १९२७ पासून तिथे शहराचा कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाला आग लागली आणि धूर शहरभर गेला, तेव्हा मोठी बातमी झाली. गोवंडी, बैंगनवाडीतली आपली माणसं मात्र बातमीच्या आधीही तीच हवा घेत होती आणि नंतरही. खराब हवा सगळ्यात आधी ज्यांच्या छातीत जाते, त्यांनीच हा विषय सोडून द्यायचा? निसर्गाचं रक्षण आणि प्राण्यांबद्दल दया हे संविधानाच्या कलम ५१-अ नुसार प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. हक्क मागताना आपण संविधान हातात घेतो, ते बरोबरच आहे. पण हे पानही त्यातच आहे.

आता आपल्या गल्लीकडे येतो. या भावांकडे येणाऱ्या बहुतेक घारी मांज्याने कापलेल्या असतात. मी येवल्याचा. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं, हिंदू-मुसलमान सगळे. हातात आसारी, तोंडात 'वकाट'! काचेची पूड लावून मांजा घोटायला मी दहाव्या वर्षी शिकलो. किती पतंग कापले ते मोजायचो. किती पंख कापले ते कधी मनातही आलं नाही. नंतर नायलॉनचा मांजा आला. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो आणि दुचाकीवाल्यांचे गळेही कापतो. माझ्या मामूंच्या दुकानात तो काउंटरखाली असतो, हे मला माहीत आहे. त्यांच्या मुलालाही.

सभागृहातून बाहेर पडल्यावर त्याने मुकाट्याने घरी फोन लावला. बराच वेळ बोलला. मग फोन माझ्याकडे आला. मामू म्हणाले, "मैं बंद करता हूं बेटा. बाजूवाला विकेल त्याचं काय? मेरेच पेट पे लात क्यों?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांचं बरोबर होतं. एकट्या दुकानदाराला शहाणपण शिकवून भागत नाही, हे वेरावळनेही दाखवलंय. गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांनी एकत्र ठरवावं लागेल, आणि त्याआधी आपण गिऱ्हाइकांनी मागणं थांबवावं लागेल. पोलीस, नगरपालिका त्यानंतर.

म्हणून यंदा डिसेंबरात आम्ही दोघं येवल्याला जाणार आहोत. परवानगी घेऊन, मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये, पडदा लावून हेच दोन माहितीपट दाखवायचे. शेजारच्या गल्ल्यांनाही बोलवायचं. पहिल्या रांगेत दुकानदार बसतील. साधा सुती दोरा विकणाऱ्यांकडूनच सगळ्या मुलांनी खरेदी करायची, असं तिथेच ठरवून घ्यायचा प्रयत्न आहे. जमेल की नाही, संक्रांतीला कळेल.

तुमच्या गावात हे करायचं असेल तर एक प्रोजेक्टर, एक भिंत आणि चार पोरं पुरतात. ग्रुपवर विचारून बघा, कोण येतंय. अंगठे आले तरी जा.