हौस आपली, खर्च आपला : कन्याकुमारी राईडच्या आधी उघडलेली वही



येत्या जानेवारीत आम्ही सहा जण कोल्हापूरहून कन्याकुमारीला सायकलवर निघणार आहोत. साधारण १३०० किलोमीटर, १० दिवस. सोबत एक गाडी आणि गाडीत दोन माणसं. वाडीवस्तीवरून रोज चालत शाळेला येणाऱ्या मुलींसाठी ४० सायकली घ्यायच्या, हा राईडचा उद्देश.

आमच्यापैकी कुणीच खेळाडू नाही. मी स्टेशनरीचं दुकान चालवते. एक हार्डवेअरवाले काका आहेत, एक मेडिकलवाला, एक बेकरीवाली ताई, एक इन्शुरन्सवाला आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक पोरगा. जानेवारी निवडला, कारण तेव्हा तामिळनाडूतला पावसाळा संपत आलेला असतो आणि माझा जूनचा सीझन लांब असतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, बिझनेसच्या चॅनेलवर सायकल कुठून आली? सांगते. या तयारीत आम्ही जी चूक करणार होतो, तीच चूक नवीन दुकानदार पहिल्या वर्षात करतात. म्हणून हे लिहितेय.

सासूबाईंचा प्रश्न

पहिल्या मीटिंगला आम्ही काय ठरवलं? कुठली सायकल, कुठला टायर, जर्सीचा रंग कोणता, जर्सीवर कुणाचा लोगो. दोन तास! पैशाबद्दल फक्त एक वाक्य झालं : "लोक देतील त्यातून खर्च निघेल, उरलेलं सायकलींना."

घरी येऊन मी उत्साहात सगळं सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, एवढं पैसं गोळा हुणार हायत तर पोरींस्नी सरळ सायकली घेऊन द्या की. कन्याकुमारीला कशाला जायचं तडफडत?"

मला राग आला. मग झोप येईना, म्हणून उठून वही घेतली.

आम्ही धरलेली सायकल ५,५०० रुपयांची. ४० सायकली म्हणजे २ लाख २० हजार. आता राईडचा खर्च. गाडी जाऊन येऊन २६०० किलोमीटर, डिझेलचे २२ हजार. आठ माणसांचं १० रात्रींचं राहणं, माणशी ६०० प्रमाणे ४८ हजार. जेवणखाण माणशी रोज ५०० धरलं तर ४० हजार. टोल, ट्यूब-टायर, औषधं, परतीची तिकिटं असे आणखी २० हजार. बेरीज १ लाख ३० हजार.

म्हणजे लोकांनी २ लाख २० हजार दिले, तर आमच्या ठरावाप्रमाणे सायकलींसाठी उरणार ९० हजार. त्यात सायकली येतात १६. बाकीच्या २४ मुली चालतच शाळेत जाणार, आणि आम्ही कन्याकुमारीला सूर्योदयाचे फोटो काढणार.

सासूबाईंचं गणित बरोबर होतं. माझी मान खाली गेली.

माझं स्पष्ट मत

दानाच्या पैशातून स्वतःच्या राईडचा खर्च काढला, तर ती सहल झाली. सहलीला माझा विरोध नाही. पण सहलीला सहल म्हणा.

यावर आमच्या ग्रुपमध्येच एक उलट मुद्दा आला, आणि तो खोटा नाही : राईड आहे म्हणून लोक पैसे देतात. नुसतं दारात जाऊन "सायकलींसाठी द्या" म्हटलं तर किती देतील? खरं आहे. माणूस कष्ट घेताना दिसला की समोरच्याचा हात खिशात जातो. पण म्हणूनच जबाबदारी वाढते. लोक आपला घाम बघून विश्वास ठेवतात. त्यांच्या डोक्यात असतं की माझे ५०० रुपये मुलीच्या सायकलीला गेले. ते आपल्या डोसा-इडलीला गेले, हे त्यांना माहीतच नसतं.

आणि स्वतःशी खरं बोलायचं तर कन्याकुमारीला आम्हाला जायचंय. ती आमची हौस आहे. मग हौस आपली, खर्च आपला. दान लोकांचं, ते पूर्ण पोचवायचं.

बीबीएच्या पहिल्याच वर्षी अकाउंट्सच्या सरांनी शिकवलं होतं की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. परीक्षेत लिहून मार्क घेतले आणि विसरले. दुकान सुरू केल्यावर पहिले आठ महिने मी गल्ल्यातूनच दूध, भाजी, पेट्रोल भागवत होते. दुकानात गर्दी असायची आणि होलसेलवाल्याला द्यायला पैसे नसायचे. ज्या दिवशी स्वतःला महिन्याचा पगार ठरवला आणि गल्ल्याला हात लावणं बंद केलं, त्या दिवशी मला कळलं की धंदा नक्की किती कमावतोय. राईडचंही तेच आहे. दोन गल्ले, दोन वह्या.

आम्ही आता असं केलंय. दान आमच्यापैकी कुणाच्याही खात्यात येत नाही. मुलींना सायकली देणारी जी नोंदणीकृत संस्था आहे, तिचाच क्यूआर कोड लोकांना देतो. पावती संस्थाच देते. ज्यांना दानावरची कर सवलत हवी आहे, त्यांना आम्ही आधीच दोन गोष्टी सांगतो : २ हजारांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, आणि नवीन करपद्धत घेतली असेल तर ही सवलत नसते. एकदोन जणांनी हे ऐकून रक्कम कमी केली. चालेल. नंतर ओरड नको.

राईडच्या खर्चाची वही वेगळी. ती बेकरीवाल्या ताईकडे आहे. कुणी "हे तुमच्या राईडसाठी" म्हणून स्वच्छ सांगून काही दिलं, तर ते त्या वहीत जातं, देणाऱ्याच्या नावासकट.

आकडा ऐकून गप्प झालेला पोरगा

इथे एक अवघड गोष्ट झाली. १ लाख ३० हजार भागिले सहा, म्हणजे प्रत्येकी साधारण २२ हजार. हा आकडा मी ग्रुपवर टाकला. पुढच्या दोन रविवारी सायकल दुरुस्तीवाला पोरगा प्रॅक्टिसला आलाच नाही. विचारलं तर "ताई, काम आहे" म्हणाला.

काम नव्हतं. २२ हजार नव्हते.

तत्त्व मांडताना मला फार बरं वाटत होतं, पण त्याची झळ सगळ्यात आधी त्याला बसली. एक जण म्हणाला, आपण त्याचे भरू. मी नको म्हटलं. उपकार म्हणून भरले तर तो दहा दिवस मान खाली घालून सायकल चालवेल. आम्ही त्याच्या कामाची किंमत लावली. निघण्याआधी सहा सायकलींची पूर्ण सर्व्हिसिंग आणि वाटेत दहा दिवस रोज संध्याकाळी सगळ्या सायकली तपासणं. हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं असतं तर फुकट झालं असतं का? तोच त्याचा वाटा.

मग खर्च कापला. लॉजऐवजी जमेल तिथे धर्मशाळा, सकाळचा नाश्ता गाडीतल्या शेगडीवर, जर्सी रद्द. १ लाख ५ हजारांवर आलो. पाच जणांनी प्रत्येकी २१ हजार भरले. म्हणजे कुणावरच जास्तीचा भार पडला नाही. पुढच्या रविवारी पोरगा सगळ्यांच्या आधी हजर होता.

तुमच्या पार्टनरशिपमध्येही हेच बघा. एक जण पैसे घालतो, दुसरा कष्ट. कष्टाची किंमत पहिल्या दिवशी कागदावर नाही आली, तर ती भांडणात बाहेर येते.

तवंदी घाटातला धडा

हिशोब झाला, आता रस्ता. सरावासाठी आम्ही बेळगावला गेलो, साधारण ११० किलोमीटर. निपाणी सोडल्यावर तवंदी घाट लागतो. दोघं तरुण जोरात पुढे गेले आणि गाडीही त्यांच्या मागे गेली. हार्डवेअरवाले काका मागे पंक्चर होऊन बसले. पंप गाडीत, ट्यूब गाडीत, आणि गाडी घाटाच्या वर. काका ५० मिनिटं उन्हात. आम्ही वर पोचून चहा मागवला तेव्हा कुणीतरी विचारलं, "काका कुठायत?"

काका काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

त्या दिवसापासूनचे नियम असे. गाडी कायम शेवटच्या सायकलच्या मागे. प्रत्येकाकडे स्वतःची ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर. सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे, वेग तो ठरवणार. अंधार पडला की सायकल बंद. आणि "आज इथेच थांबायचं" हा निर्णय गाडी चालवणाऱ्या दादांचा. ते निपाणीचे आहेत, कन्नड बोलतात, आणि मुख्य म्हणजे ते पेडल मारत नाहीत, त्यामुळे त्यांचं डोकं थंड असतं. दमलेल्या माणसाला स्वतःचं दमणं कळत नाही.

वेगाचं म्हणाल तर एक हिशोब करून बघा. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये बीआरएम नावाचा प्रकार असतो. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. ताशी २२ ने चालवलं तर चालवण्यात साधारण ९ तास जातात. उरलेले साडेचार तास कशात जातात? चहा, फोन, फोटो, "थांबा, मी आलोच". टीमचा बराच वेळ थांब्यावर जातो. दुकानातही दिवस गिऱ्हाईकात कमी आणि शोधाशोधीत जास्त जातो, खरं ना?

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीममधून पूर्ण केली. साधारण ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. पेडल दोघांचे होते, पण गाडी चालवणारी, वाट दाखवणारी, खायला देणारी माणसं सोबत होती. फोटो दोघांचा लक्षात राहतो. तयारी करताना मात्र फोटोत नसलेल्या माणसांपासून सुरुवात करा.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुम्ही राईड काढा, गणेश मंडळाचा कार्यक्रम करा किंवा दोघा मित्रांत वडापावची गाडी टाका. जर्सीचा रंग आणि बोर्डाचं डिझाईन ठरवण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा : लोकांचा पैसा कुठल्या खात्यात येणार, आपला खर्च कोण भरणार, कष्टाची किंमत किती, आणि थांबायचं कधी हे कोण सांगणार. चारही ओळींवर सगळ्यांच्या सह्या घ्या.

मग तो कागद घरातल्या अशा माणसाला दाखवा जो तुमचं कौतुक करत नाही.

मी आमचा नवा हिशोब सासूबाईंना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बेरीज तपासली. मग कपाटातून ५०० ची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ह्ये पोरींच्या वहीत लिही. तुमच्या न्हवं."