डीएफ खोटं बोलत नाही हो!

"लिनक्सला स्वतःची डिस्कसुद्धा धड मोजता येत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. डीएफ म्हणतं ९१ जीबी वापरात, डीयू म्हणतं ६०, डॅशबोर्ड तिसरंच काहीतरी. मग कोणीतरी अनुभवी माणूस सर्व्हर रीस्टार्ट करतो, आकडे जुळतात आणि सगळे चहाला जातात. माझा राग आहे तो या चहावर.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. आमच्याकडे एकाच कागदावर दोन आकडे दिसले म्हणून कोणी दचकत नाही. सातबारा म्हणजे मुळात दोन नमुने. सातमध्ये जमीन किती नि कोणाची, बारामध्ये तिच्यात पेरलंय काय. २ हेक्टरच्या गटात नाल्याकडची २० आर पोटखराब असेल तर कपाशी आणि तुरीची बेरीज २ हेक्टर येणारच नाही. म्हणून काय बारा नमुना खोटा?

डीएफ सरळ फाइलसिस्टमलाच विचारतं: एकूण ब्लॉक किती, मोकळे किती. डीयू बांधाबांधाने फिरतं, डिरेक्टरीत ज्या फाइलचं नाव सापडेल तिचे ब्लॉक मोजतं. आता तुम्ही २० जीबीची लॉग फाइल उडवलीत, पण तिच्यात लिहिणाऱ्या प्रोसेसने ती उघडीच ठेवली असेल, तर नाव गेलं, जागा नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, ताबा तसाच! डीयूला ती दिसत नाही, डीएफला तिचे ब्लॉक दिसतात. रीस्टार्टने ती प्रोसेस मरते म्हणून आकडे जुळतात, यात जादू कसली? एलएसओएफ चालवलं असतं तर पत्ता मिनिटात लागला असता, आणि सगळा सर्व्हर नाही, तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट करून भागलं असतं. (एखाद्या भरलेल्या डिरेक्टरीवर दुसरी डिस्क माउंट केली तर खालच्या फाइली डीयूला अशाच दिसत नाहीत. असो.)

खरी गंमत पोटखराबीची. ईएक्सटी४ बनवताना वेगळं काही सांगितलं नाही तर ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवले जातात. १ टीबीच्या डिस्कवर, जी १०२४ च्या हिशोबाने मुळात ९३१ च भरते, हे झाले सुमारे ४६ जीबी. त्यामुळे कर्नल मोकळ्या जागेचे दोन आकडे देतो: एकूण मोकळी, आणि साध्या युजरला मिळू शकणारी. प्रोमिथियसचा नोड एक्सपोर्टरही 'फ्री' आणि 'अव्हेल' असे दोन्ही पाठवतो. डॅशबोर्ड बनवणारे आमचे बंधू पहिला दिसेल तो उचलतात, आणि वर नुसतं 'डिस्क युसेज' लिहितात. कसलं युसेज? कोणासाठी?

मग रात्री डेटाबेसला लिहिता येईना, डीएफवर १०० टक्के, आणि डॅशबोर्ड ९५ वर निवांत. अलर्ट ९७ ला लावलेला. साध्या युजरने डिस्क भरली तर हा अलर्ट वाजणंच शक्य नाही, कारण उरलेले ५ टक्के खायला फक्त रूटला परवानगी. तो आकडा खोटा नाहीये, प्रश्न चुकीचा विचारलाय. आणि तो विचारणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये डीएफला शिव्या देतो!

सोमवारी ऑफिसात गेलात की आधी आपल्या टीमच्या अलर्टचं सूत्र उघडा. त्यात 'फ्री' आहे की 'अव्हेल', एवढंच बघा. चहा नंतर.