भूक आणि हिशेब

ठराविक पैसे द्यावे आणि हवें तितकें जेवावें, ही रीत आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. आपल्या खानावळींतील अनलिमिटेड थाळी ही त्याच कुळांतली. परंतु आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले जे विद्यार्थी हल्लीं उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस व कॅनडास जातात, त्यांस तेथें ह्या रीतीचा एक निराळाच अवतार भेटतो. एकाच छपराखालीं कोरियन पद्धतीनें शेगडीवर भाजलेलें मांस आणि जपानी सुशी, दोन्ही हवीं तितकीं. दर मात्र माणशीं एकच. अशा ठिकाणीं जावें कीं न जावें, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा व खिशाचा आहे. पण तेथें गेल्यावर कसें वागावें, हा प्रश्न आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो, व त्याविषयींच आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

प्रथम तेथील व्यवस्था पाहूं. प्रत्येक टेबलाच्या मध्यभागीं जाळीची शेगडी बसविलेली असते. वाढपी कच्च्या मांसाच्या पातळ चकत्या आणून ठेवतो. डुकराच्या पोटाकडील मांसास कोरियन लोक 'सामग्योपसाल', म्हणजे तीन थरांचें मांस, असें म्हणतात. सोयाच्या रसांत लसूण व साखर घालून मुरविलेल्या बरगडीच्या मांसास 'गाल्बी' म्हणतात. चिमटा व कात्री हातीं घेऊन पाहुण्यानें तें स्वतः भाजावयाचें, कापावयाचें, आणि सॅलडच्या पानांत गुंडाळून खावयाचें. भोंवतीं किमची व इतर तोंडीलावण्यांच्या लहान वाट्या असतात. त्यांस 'बांचान' असें नांव आहे. सुशी म्हणजे शिर्का घातलेल्या भातावर ठेवलेला मासा. बहुधा दीड-दोन तासांची मुदत असते, आणि ताटांत अन्न टाकल्यास जादा आकार पडेल, अशी सूचनाही पुष्कळ ठिकाणीं लिहिलेली आढळते. ती सूचना लिहावी लागते, ह्यांतच सर्व कांहीं आलें.

ह्या पदार्थांचा पूर्वेतिहास पाहिला तर नवल वाटतें. सुशीचा जन्म चैनींतून झाला नाहीं, टिकवणुकींतून झाला. मासा नासूं नये म्हणून तो मीठ लावून भातांत दाबून ठेवीत. बिवा सरोवराच्या कांठीं ह्या जुन्या रीतीची सुशी अजूनही होते व ती मुरण्यास कित्येक महिने लागतात. हातानें दाबून लगेच खावयाची सुशी एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोकियोंत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पुढें आली. पुढें १९५८ सालीं जपानांत दोन गोष्टी घडल्या. तोकियोच्या इंपीरियल हॉटेलानें स्वीडन-डेन्मार्ककडील मेजवानीच्या धर्तीवर 'व्हायकिंग' नांवाचें, एकाच दरांत हवें तें वाढून घेण्याचें उपाहारगृह उघडलें. जपानी भाषेंत अशा जेवणास अद्याप 'बाइकिंगु' म्हणतात तें त्यावरूनच. त्याच वर्षीं ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी ह्यांनीं फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या बशा गिऱ्हाइकांपुढें नेणारें दुकान काढलें. दुसऱ्या ठिकाणीं बशीगणिक पैसे मोजावे लागत, व रिकाम्या बशांची रास आपण किती खाल्लें हें सांगत असे. पहिल्या ठिकाणीं तें सांगणारें, पोटावांचून, कोणीच नव्हतें. कोरियन शेगडी अमेरिकेंत पसरली ती मुख्यत्वें १९६५ सालीं तेथील वसाहतीचा कायदा बदलून कोरियन कुटुंबें लॉस एंजेलिस आदि शहरीं वसूं लागल्यानंतर.

आतां हिशेबाकडे वळूं. अशा ठिकाणाहून बाहेर पडतांना कित्येक तरुण अभिमानानें म्हणतात, "आज मालकाला चांगलाच बुडविला!" हा निव्वळ भ्रम होय. मालकानें आपला दर एका खादाडाकडे पाहून ठरविलेला नसतो. शंभर माणसें सरासरी किती खातात हें पाहून ठरविलेला असतो. थोडें खाणारी आजी बरोबरच्या दांडग्या नातवाचा खर्च भरून काढते. शिवाय भाजण्याची मेहनत पाहुण्याची, म्हणून तितक्या आचाऱ्यांचा पगार वांचतो. सुशींत भात अधिक व मासा कमी. फार महाग पदार्थ एक तर यादींत नसतात, किंवा वरच्या दराच्या पंगतीसाठीं राखून ठेवलेले असतात. ह्यांत लबाडी कांहींच नाहीं. तो सरळ धंदा आहे. पण ज्यानें हें जाणलें, तो मालकाशीं कुस्ती खेळावयास जाणार नाहीं.

खाणाराचा हिशेब तर याहूनही कच्चा असतो. आंत शिरतांच त्याचे पैसे खर्ची पडले. मग त्यानें तीन बशा खाल्ल्या काय कीं तेरा खाल्ल्या काय, त्यांतील एक छदामही परत यावयाचा नाहीं. असें असतां पोट भरल्यावरही तो 'पैसे वसूल' करण्यासाठीं खातच राहतो. पहिल्या चार घासांस जी चव होती ती दहाव्या बशीला राहत नाहीं. भूक शमली होती. खात होता तो हिशेब. एकदां पैशानें दिलेली किंमत तो दुसऱ्यांदा प्रकृतीनें देतो, आणि तीस लाभ समजतो.

कोणी म्हणेल कीं, मग अशीं ठिकाणें वर्ज्यच करावीं. आम्हांस हें मान्य नाहीं. परदेशीं काटकसरीनें दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्यास, किती बिल होईल ह्या धाकावांचून एक दिवस मित्रांसह पोटभर जेवतां येणें, ह्यांत मोठें समाधान आहे. गरिबास मोजून मोजून खाण्याचा कंटाळा येतो, हें श्रीमंत उपदेशकांच्या लक्षांत येत नाहीं. आणि शेगडीभोंवतीं बसण्यांत एक मोठा गुण आहे. कोरियन चालीरीतीप्रमाणें वडिलांनीं चमचा उचलल्यावांचून धाकटे जेवूं लागत नाहींत. ज्याच्या हातीं चिमटा तो भाजलेला तुकडा आधीं दुसऱ्याच्या पुढें ठेवतो. परंतु ज्या टेबलावर प्रत्येकजण आपल्या बशा मोजतो, तेथें चिमटा कोणी कोणासाठीं धरीत नाहीं. उधळपट्टीपेक्षां हीच हानि आम्हांस मोठी वाटते.

उधळपट्टीही लहान नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, व त्यांतील सुमारें २८ टक्के उपाहारगृहें व तत्सम ठिकाणांहून गेलें. खुद्द दक्षिण कोरियानें २००५ सालीं खरकटें जमिनींत पुरण्यास बंदी केली, व २०१३ पासून जितकें खरकटें तितका आकार, असा नियम घरोघर लागू केला. ज्या देशाची शेगडी आपण उचलली, त्याची ही शिस्तही उचलावी.

आपणही ह्या बाबतींत निर्दोष नाहीं. पानांत टाकूं नये असें मुलांस बजावणारे आपण, लग्नाच्या पंगतींत 'आणखी एक, माझ्यासाठीं' म्हणून पाहुण्याच्या पानांत जिलबी लोटतों, व तीच मग उकिरड्यावर जाते. तेथें हिशेब पैशाचा, येथें मानाचा. भुकेस दोन्हींकडे कोणी विचारीत नाहीं.

म्हणून परदेशीं जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच. अशा ठिकाणीं खुशाल जा. एका वेळीं दोनच बशा मागवा. त्या संपल्या म्हणजे पुन्हा मागवा. चिमटा आपल्या हातीं आला तर पहिला तुकडा शेजाऱ्यास द्या. आणि पोट भरलें कीं, मुदतीचा अर्धा तास उरला असला तरी काड्या खालीं ठेवा. उरलेला अर्धा तास गप्पांत घालवा. त्याचे पैसेही तुम्हीं दिलेलेच आहेत.