कार्डाची घडी तडकते? हात नाही, कागद तपासा

शिक्षक दिन किंवा दिवाळी जवळ आली की घरोघरी भेटकार्डांचा घाट घातला जातो. घडी तडकली की मुलाला ऐकावं लागतं, ‘तुला जमतच नाही!’ मग तयार किट येतं. माझ्या मते हा मुलावर अन्याय आहे. दोष बऱ्याचदा कागदाचा असतो.

यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. त्या दिशेने घडी सुबक बसते; आडवी घातली तर जाड कार्डशीट तडकतं. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. जिकडे कमी जोर लागेल, तिकडे घडी घाला. (वर्तमानपत्र फाडा, एका बाजूने सरळ फाटेल, दुसरीकडून वेडंवाकडं.) आधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढलीत तर उत्तमच.

आता पॉप-अप. ए-४ कार्डशीट मधोमध दुमडून घडीच्या कडेवर ६ सेंटिमीटरचे दोन समांतर काप द्या आणि मधली पट्टी आत ढकला. कार्ड उघडलं की पायरी उभी राहते, तिच्यावर पणती चिकटवा. मिटल्यावर पट्टीचं टोक कापाच्या दुप्पट अंतरावर जातं, म्हणून ८ सेंटिमीटर कापलंत तर ते कार्डाबाहेर डोकावतं. किटमध्ये हे गणित आयतं सोडवलेलं असतं. मुलांना एकदा ८ कापू द्या.