हक्क बाळंतपणापुरताच?

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींचा पालक होण्याचा हक्क भारतात मान्य आहे. मूल वाढवताना लागणारी मदत मात्र जवळपास नाहीच. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या निवारागृहात बलात्कारातून गरोदर राहिलेल्या मतिमंद तरुणीच्या गर्भपाताचा आदेश रद्द केला. तिची संमती डावलता येणार नाही, असे ठरले. एवढी मजल मारली गेली, पण ती बाळंतपणापाशी थांबली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ९ दिव्यांग मुलाची पालकांपासून ताटातूट रोखते. पालकच दिव्यांग असतील तर काय, यावर ते गप्प आहे. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा करार मात्र पालकांच्या दिव्यांगत्वावरूनही ताटातूट नको म्हणतो आणि संगोपनातली मदत सरकारवर सोपवतो. दिव्यांग स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याची तरतूद २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, तीही सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ही पळवाट नेहमीचीच.

अशी मदत कशी द्यायची, हे अज्ञात नाही. कॅनडात मॉरिस फेल्डमन यांनी दाखवले की, बाळाला आंघोळ घालणे, दूध तयार करणे, ताप ओळखणे अशा कामांचे छोटे टप्पे पाडून, चित्रे वापरून, घरीच करून दाखवले तर हे पालक शिकतात. समोर बसवून दिलेल्या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय एकदा शिकवून भागत नाही: रांगणाऱ्या मुलाची राखण वेगळी, शाळकरी मुलाचे प्रश्न वेगळे. सासू किंवा आजीने मूल परस्पर ताब्यात घेतले, तर आईला शिकण्याची संधीच उरत नाही.

महाराष्ट्राला यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आशा सेविकांच्या गृहभेटी त्याच वाटेने आल्या. दवाखान्यातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा भेटी, पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत पाच. बौद्धिक अक्षमता असलेल्या आईसाठी त्या अधिक वेळा आणि कितीतरी अधिक काळ व्हायला हव्यात. आधीच कामाखाली दबलेल्या आशांना या भेटींचा वेगळा मोबदला द्यावा लागेल. आणि मूल काढून घेण्याचा प्रश्न बालकल्याण समितीपुढे आलाच, तर त्या घराला तोवर कोणती मदत पोहोचली होती, हे समितीने आधी तपासले पाहिजे.