सबराचे कौतुक आता पुरे

२०२१ च्या रमजान ईदनंतर दोनच दिवसांनी, १६ मे रोजी, तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. देवगड-मालवणकडच्या होड्या फुटल्या, घरांचे पत्रे उडाले, आंब्याची झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब वाकले आणि गावेच्या गावे अंधारात बुडाली. कोरोनाची दुसरी लाट चालूच होती. १ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी लागायची होती. हंगामाचे उरलेले पंधरा दिवसही हातचे गेले.

त्या आठवड्यात आम्ही चौघे मालवण तालुक्यातल्या एका घरी गेलो. नवऱ्यामागे मासळी विकून घर चालवणारी ती बाई उघड्या घरासमोर उभी होती. आम्ही जे नेहमी बोलतो तेच बोललो, "सबर करा, अल्ला देईल." ती म्हणाली, "सबर आसा माझ्याकडे. पत्रो धरूक दोन हात नाय हत."

आमच्या चौघांचे मिळून आठ हात होते. ते तिने मोजले होते, आम्ही मोजले नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हांला सोडत नाही. आपल्या समाजात सबराचा उपदेश नेहमी वरून खालीच का जातो? ज्याच्या घरावर स्लॅब आहे तो पत्रेवाल्याला सबर सांगतो. मोठ्या जाळ्यांचे मालक आपल्यातही आहेत. नमाजला ते छोट्या होडीच्या खलाशाशेजारी एकाच सफेत उभे राहतात आणि समुद्रावर त्याचाच घास उचलतात. पण सबर शिकायचा तो खलाशाने!

आम्ही लिहिणारेही यातून सुटत नाही. आमच्या किती कथांत सोसणारी आई आहे! ती पहाटे उठते, पाटी डोक्यावर घेते, उपाशी राहून मुलांना वाढते आणि शेवटी मुसल्ल्यावर बसून दुवा मागते. वाचकाचे डोळे भरून येतात. पण तिच्या होडीचा कागद कोणाच्या नावावर होता, बाजारात बसायला तिला जागा होती का, सावकाराचे किती देणे होते, हे आम्ही विचारत नाही. तिचे सोसणे आम्ही सुंदर करून ठेवले, म्हणून ते बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ज्या सबराच्या नावाने हे चालते, त्याचा अर्थ तरी आम्ही नीट वाचला आहे काय? हजरत हाजिरा ओसाड रानात तान्ह्या इस्माईलला घेऊन एकट्या होत्या. पाणी संपले. त्या हात जोडून बसल्या नाहीत. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्या सात वेळा धावल्या. हजला जाणारा प्रत्येक माणूस, मग तो मोठा मौलाना असो की व्यापारी, त्या धावणाऱ्या आईच्या पावलांवरून चालतो. तिथून हाजी होऊन परतायचे आणि गावातल्या हाजिरेला बसून राहायला सांगायचे, ही कोणती रीत?

आमच्या किनाऱ्यावर बळ कुठून येते हे पाहायचे तर रापण पाहावी. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. माणसे दोन रांगांत उभी राहून ते ओढतात. मासळी वाळूवर आली की वाटे होतात, जाळ्या-होडीचा वाटा वेगळा आणि ओढणाऱ्या हातांचा वेगळा. एकट्याने रापण ओढता येत नाही, मग तो कितीही ईमानवाला असो.

छोट्या मच्छीमारांना जे थोडे मिळाले तेही असेच ओढून मिळाले. ते वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले, तेव्हा २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली आणि २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. अंमलबजावणीची रड कायम आहे, हे खरे. पण घरोघरी सबर करत बसल्याने हे कायदेही झाले नसते.

ओढणारे हात मात्र कमी होत आहेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. तरणी माणसे मुंबईला, गोव्याला, आखातात गेली. दर हजार पुरुषांमागे इथे १,०३६ स्त्रिया. मागे राहिलेल्या बाईवर घर, म्हातारी माणसे, मुले आणि कर्ज, सारे येऊन पडते. तिला हिंमत शिकवायची आमची लायकी नाही. ती रोज पहाटे हिंमत घेऊनच बंदरावर जाते.

आमच्याने जे होण्यासारखे आहे ते साधे आहे. होडीची नोंदणी आणि पंचनामा नसेल तर नुकसानभरपाई अडते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुले आहे. हे अर्ज भरायला जुम्म्याच्या नमाजनंतर गावातल्या एका शिक्षकाने तासभर बसावे. कुरआनाने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. रमजानमध्ये शंभर जणांच्या हातावर नोटा ठेवण्याऐवजी जमातीने एका घराचे देणे पुरते फेडावे, पुढच्या वर्षी दुसऱ्या घराचे. जमातीच्या बैठकीत त्या बाईला खुर्ची द्यावी आणि तिचे बोलणे ऐकावे.

कोणी म्हणेल, तुम्ही दुवेची किंमत कमी करता. मुळीच नाही. रात्री मूल तापाने फणफणते, घरात पैसा नसतो, तेव्हा दुवाच माणसाला सकाळपर्यंत नेते, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे. ते बळ तिचे आणि तिच्या अल्लाचे. त्यावर आम्ही आमचा आळस का झाकावा?

त्या दिवशी शेवटी आम्ही पत्रा चढवला. आम्हांला ते काम येत नव्हते. एकाचा हात कापला, दोन खिळे वाकडे गेले. खालून ती सांगत होती, कुठे धरायचे, कुठे ठोकायचे.